गाडीच्या टपाचा उतार कसा सुधारावा

सौंदत्तीच्या यात्रेसाठी टपावर चढवलेला कॅरिअर आपल्याकडे पुढे वर्षभर तसाच राहतो. टपावरचा हवेचा रोध कमी करायची सुरुवात तो उतरवून करा. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, म्हणून बेळगावच्या गल्ल्यांत न जाणवणारा कॅरिअर हायवेला लागलं की तेल पितो.

मग टपावरून हवा नेमकी कुठे सुटते ते बघा. लोकरीचे चार-चार इंचांचे तुकडे टपाच्या मागच्या भागावर आणि मागच्या काचेवर वीतभर अंतराने लावा. चिकटपट्टी फक्त पुढच्या टोकाला. पहाटे, वारा पडलेला असताना, निपाणी रस्त्यावर सत्तर-ऐंशीच्या वेगाने चला आणि शेजारच्या गाडीत बसलेल्याला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. धागा सरळ मागे झोपला तर हवा पत्र्याला धरून आहे. तो गरगरू लागला किंवा उलटा वळला तर हवा तिथे सुटली. तिच्यामागे कमी दाबाची जागा तयार होते आणि गाडी मागे ओढली जाते.

उतार किती द्यायचा? 1984 मध्ये संशोधक अहमद यांनी गाडीसारख्या साध्या ठोकळ्यावर केलेल्या प्रयोगांत मागचा उतार साधारण 12 अंश असताना रोध सर्वांत कमी भरला आणि पुढे 30 अंशांपर्यंत तो वाढत गेला. मिस्त्रीच्या हिशेबात हे मीटरला 20 सेंटिमीटर. टप मागे 25 सेंटिमीटर वाढवलात तर त्याचं टोक 5 सेंटिमीटर खाली हवं. टोकाची कड गोलावू नका, तिथे हवा एकदम सुटू द्या. लांब निमुळती शेपूट मधेच उभी कापली तरी बराचसा फायदा टिकतो, हे जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांनी 1930 च्या दशकातच ओळखलं होतं.

या वाढीव भागाचा पहिला नमुना सनबोर्डचा (फलकांसाठी वापरतात त्या हलक्या फोमच्या पाटीचा), पण खऱ्या मापाचा आणि घट्ट बसवलेला. खेळण्यातली गाडी टेबलफॅनसमोर ठेवून काही ठरवू नका. दहापट लहान प्रतिकृतीवरचा ताशी 60 किलोमीटरचा वारा खऱ्या गाडीच्या ताशी 6 किलोमीटर वेगाइतकाच बोलका असतो.

आता मोजा. वंटमुरी आणि तवंदी घाट सोडून सपाट तुकडा निवडा. मागे वाहन नसताना, इंजिन चालू ठेवूनच, न्यूट्रलमध्ये 80 वरून 60 वर यायला किती सेकंद लागतात ते टिपा. दोन्ही दिशांनी तीन-तीनदा, नमुना लावून आणि काढून; टायरची हवा आणि वजन तेच. सेकंद वाढले तर रोध घटला.

त्यानंतरच उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, ॲल्युमिनियमचा पत्रा कापायला द्या. गाडीच्या नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार 1988 च्या मोटार वाहन कायद्याला चालत नाही, तेव्हा आधी आरटीओत विचारा, आणि वरचा ब्रेकलाइट झाकला जात नाही ना ते मागे उभं राहून बघा.