एक विषय, एक छायाचित्र: फोटो चॅलेंजमध्ये सहभागी होण्याची पद्धत

चार दिवसांच्या प्रवासाहून परतल्यावर फोनमध्ये पाचशे-सहाशे छायाचित्रे साठलेली असतात आणि त्यांतली बहुतेक पुन्हा कधी उघडलीही जात नाहीत. सगळी एकदम इतरांना दाखवली, तर पाहणारा दहाव्या चित्रानंतर थकतो. एकही दाखवले नाही, तर ती काढण्यामागचा आनंद आपल्यापुरताच राहतो. विषय ठरवून चालणारे फोटो चॅलेंज ही अडचण चांगल्या रीतीने सोडवते. कोणीतरी एक विषय जाहीर करतो, उदाहरणार्थ ‘प्रतीक्षा’ किंवा ‘सावली’, मुदत ठरते आणि प्रत्येकाने त्या विषयावर एकच छायाचित्र द्यायचे असते. माझ्या मते या उपक्रमाचे खरे मोल या ‘एकच’ शब्दात आहे, कारण निवड करण्याची सक्ती झाल्यावरच आपण स्वतःची छायाचित्रे नीट पाहू लागतो.

चॅलेंज अनेक प्रकारची असतात. रोज एक याप्रमाणे वर्षभरात ३६५ छायाचित्रे, आठवड्याला एक याप्रमाणे ५२, किंवा महिन्याला एक विषय, असे त्यांचे सर्वसाधारण वेळापत्रक असते. काही उपक्रमांचा विस्तार फार मोठा आहे. ऐतिहासिक वास्तूंच्या छायाचित्रांसाठीची ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ ही स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली, आणि २०११ मध्ये तिच्यात आलेल्या १,६८,२०८ छायाचित्रांमुळे जगातील सर्वांत मोठी छायाचित्र स्पर्धा म्हणून गिनीजने तिची नोंद केली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र आठवड्याचे चॅलेंज निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन. रोजच्या उपक्रमात दोन-चार दिवस चुकले की मागे पडल्याची भावना येते आणि काहीतरी द्यायचे म्हणून टेबलावरच्या कपाचे छायाचित्र दिले जाते; सात दिवस हाताशी असले, तर विषय मनात मुरायला वेळ मिळतो आणि पहिला प्रयत्न फसल्यास दुसरा करता येतो.

विषय वाचणे

विषय कळल्याबरोबर कॅमेरा उचलू नये. आधी कागदावर त्या विषयाचे किमान दहा अर्थ लिहावेत. ‘दार’ हा विषय घेऊ. पहिले तीन अर्थ सहज सुचतात: जुने नक्षीदार दार, रंगीत दार, अर्धवट उघडे दार. हेच तीन अर्थ इतर बहुतेकांनाही सुचलेले असतात, त्यामुळे त्यांवर काढलेले चित्र कितीही सुबक असले, तरी ते गर्दीत हरवण्याची शक्यता जास्त असते. चौथ्या-पाचव्या अर्थापासून विचार करावा लागतो. दाराशी काढून ठेवलेल्या चपलांवरून आत किती माणसे आहेत हे कळते. वर्षानुवर्षे एकाच जागी हात लागल्याने कडीभोवतीचा रंग उडालेला असतो. आगगाडीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला बाहेरचा प्रदेश एका उभ्या चौकटीत दिसत असतो. दार बंद असताना खालच्या फटीतून येणारी प्रकाशाची रेघ हेही दारच आहे. भिंतीत बुजवून टाकलेल्या दाराची फक्त कमान उरलेली असते, आणि ते दार आता नाही हेच त्या चित्राचे सांगणे ठरते.

विषयापासून किती दूर जावे, यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो. विषय ठाऊक नसलेल्या व्यक्तीला छायाचित्र दाखवावे आणि तिला काय दिसते ते विचारावे. तिने विषयाचा शब्द लगेच उच्चारला, तर चित्र बहुधा फार सरळ आहे. बराच वेळ पाहूनही तिच्या बोलण्यात विषय जवळपासही आला नाही, तर नाते फक्त आपल्या मनात आहे आणि ते चित्रात उतरलेले नाही. विषय सांगितल्यावर तिला तो चित्रात चटकन सापडला, तर निवड योग्य दिशेने चालली आहे.

प्रवासात आणि घरी

प्रवासात सगळेच नवे असते आणि म्हणून नजर कशावरच स्थिरावत नाही. त्यावर उपाय असा की, निघण्यापूर्वीच दोन-तीन विषय मनात धरून ठेवावेत. चालू चॅलेंजचा एक विषय आणि ‘जिने’, ‘प्रतिबिंब’, ‘काम करणारे हात’ यांसारखे आपले एक-दोन विषय पुरेसे होतात. प्रसिद्ध स्थळासमोर पोहोचल्यावर सर्वांना ठाऊक असलेले दृश्य एकदा टिपून घ्यावे, त्याने मन मोकळे होते, आणि मग पाठ फिरवून त्या स्थळाकडे पाहणाऱ्या माणसांकडे, त्यांच्या सावल्यांकडे, पायाखालच्या झिजलेल्या दगडांकडे पाहावे.

घरच्या परिसरात अडचण उलट असते. तिथे नवे काही दिसतच नाही. अशा वेळी जागा तीच ठेवून वेळ बदलावी. सूर्य क्षितिजाच्या वर, पण साधारण सहा अंशांपेक्षा कमी उंचीवर असताना प्रकाश उबदार रंगाचा आणि तिरका असतो, त्यामुळे भिंतीचा खडबडीतपणा, कापडाची वीण, चेहऱ्यावरच्या रेषा उठून दिसतात. विषुववृत्ताजवळ हा काळ अर्ध्या तासाच्या आसपास संपतो, तर ध्रुवांच्या दिशेने जावे तसा तो लांबतो. खोलीत छायाचित्र घेताना खिडकीचा प्रकाश पुरेसा असेल, तर दिवे बंद करावेत. दिवसाच्या उजेडाचे रंगतापमान, म्हणजे प्रकाश निळसर की पिवळसर हे सांगणारे माप, ५५०० केल्विनच्या आसपास आणि पिवळसर दिव्याचे २७०० ते ३००० केल्विन असते; दोन्ही एकाच चौकटीत मिसळले की चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी दिसते, आणि हा दोष नंतर दुरुस्त करणे फार कष्टाचे असते.

साधनाची चिंता करू नये. फोन असेल तर लेन्स स्वच्छ पुसावी, बोटांनी ताणून झूम करण्याऐवजी दोन पावले पुढे जावे आणि पडद्यावर विषयवस्तूला स्पर्श करून उजेड किंचित कमी करावा, कारण पांढराफटक पडलेला भाग नंतर परत मिळवता येत नाही. संग्रहातले जुने छायाचित्र चालेल की चॅलेंज जाहीर झाल्यानंतरच काढलेले हवे, हे नियम आधी वाचावेत. जुने चालत असेल, तर त्यात कमीपणा काही नाही. विषय घेऊन जुना संग्रह चाळताना, काढताना ध्यानातही न आलेली गोष्ट चित्राच्या कोपऱ्यात सापडते.

चाळिसांतून एक

निवडीसाठी शक्य असेल तर एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. छायाचित्र घेताना सोसलेला त्रास, चढलेला डोंगर किंवा पहाटे उठणे त्याच दिवशी मनात ताजे असते आणि पाहणाऱ्याला यांतले काहीच दिसत नसते. पहिल्या फेरीत हललेली, अस्पष्ट आणि सारखीच दिसणारी छायाचित्रे बाजूला काढावीत. दुसऱ्या फेरीत उरलेली चित्रे अंगठ्याएवढ्या आकारात पाहावीत, कारण बहुतेक लोकांना ती आधी तशीच दिसणार असतात. त्या आकारातही रचना कळत असेल, तर ते चित्र ठेवावे. शेवटी चारही कोपरे तपासावेत, कारण नको असलेली तार, अर्धा कापलेला पाय किंवा लक्ष वेधणारा फलक तिथेच लपलेला असतो.

सर्वांत कठीण प्रसंग येतो तो अतिशय देखणे पण विषयाला ओझरते स्पर्शणारे छायाचित्र हाती असते तेव्हा. ते देण्याचा मोह प्रत्येकाला होतो, तरीही ते राखून ठेवावे आणि विषयाशी प्रामाणिक असलेले साधे चित्र द्यावे. देखणे चित्र पुढे केव्हाही दाखवता येते. चॅलेंजमध्ये लोक एकाच विषयाची अनेक रूपे पाहायला आलेले असतात आणि तिथे भलतेच चित्र परके वाटते.

संपादन बेताचे असावे. क्षितिज सरळ करणे, कडा छाटणे आणि उजेडाचा समतोल साधणे एवढे बहुतेक वेळा पुरते. संगणकाने निर्माण केलेले घटक चालतात का, हे नियमांत पाहावे, आणि नियम गप्प असले तरी असा बदल केला असल्यास तो उघडपणे सांगावा. पाठवण्याची प्रत जेपेग स्वरूपात आणि एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या प्रचलित रंगव्यवस्थेत ठेवावी, कारण इतर रंगव्यवस्थेतली चित्रे काही पडद्यांवर फिकी दिसतात. मूळ फाइल मात्र जशीच्या तशी जपावी. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास गुणवत्ता घटत नाही.

पण असे पाठवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मूळ फाइलमध्ये छायाचित्र कधी आणि कशाने काढले याची एक्झिफ नावाची माहिती असते आणि फोनमध्ये स्थाननोंद चालू असल्यास तिच्यात अक्षांश-रेखांशही असतात. घरात किंवा मुलांच्या शाळेजवळ घेतलेल्या छायाचित्रातून ती नोंद काढून टाकावी. प्रवासातले चित्र ती जागा सोडल्यानंतर द्यावे. पक्ष्याच्या घरट्याचे नेमके ठिकाण कधीही सांगू नये. ओळखू येणाऱ्या व्यक्तीची, आणि मूल असेल तर पालकांची, परवानगी घ्यावी. खुणेने विचारले तरी चालते, आणि नकार मिळाल्यास कॅमेरा लगेच खाली करावा. वास्तूंबाबतही देशोदेशीचे कायदे वेगळे असतात. आयफेल मनोऱ्याचे दिवसाचे छायाचित्र कोणीही कसेही वापरू शकतो, परंतु त्याच्या रात्रीच्या रोषणाईवर स्वामित्वहक्क असल्याने त्या छायाचित्राच्या व्यावसायिक वापरासाठी परवानगी लागते. बक्षीस असलेल्या चॅलेंजमध्ये आपल्या चित्राचे हक्क आयोजकाकडे जातात का, हे कलम शोधून वाचावे. सर्व हक्क कायमचे मागणाऱ्या उपक्रमापासून मी दूर राहतो.

छायाचित्रासोबत दोन वाक्ये पुरतात. चित्रात दिसते ते पुन्हा लिहू नये. दिसत नाही ते लिहावे: जागा, वेळ, आधी काय घडले, आवाज कसला होता. विषयाचा शब्द मथळ्यात घालू नये, कारण मग पाहणाऱ्याला शोधण्यासारखे काही उरत नाही. जिथे सोय असेल, तिथे दृष्टिहीन वाचकांसाठी चित्राचे साधे वर्णन वेगळे द्यावे. त्यात मात्र दिसणारी गोष्टच सांगायची असते.

आपले चित्र देऊन निघून जाणाऱ्याला या उपक्रमातले अर्धे शिक्षण मिळतच नाही. इतरांच्या किमान पाच छायाचित्रांवर नेमके लिहावे. ‘सुंदर’ या एका शब्दापेक्षा ‘डावीकडच्या रिकाम्या भिंतीमुळे त्या बाईचे एकटेपण जाणवले’ हे वाक्य छायाचित्रकाराला पुढच्या वेळी उपयोगी पडते. मुदत संपल्यावर आपली दहा अर्थांची यादी पुन्हा समोर घ्यावी, कोणते अर्थ इतरांनी टिपले त्यांवर खूण करावी, आणि कोणीच न टिपलेले अर्थ पुढच्या प्रवासाच्या वहीत पहिल्या पानावर उतरवून ठेवावेत.