सहज सुचण्यासारखं की पेटंटजोगं? या चुका टाळा

‘बाजारात असं कोणी विकत नाही, म्हणजे पेटंट मिळणारच.’ भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये हे सर्रास ऐकू येतं. पण हा झाला फक्त नावीन्याचा मुद्दा. भारतीय पेटंट कायद्याचं कलम २(१)(जेए) आणखी विचारतं: तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व आहे का, आणि त्या कामातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं का? पहिल्या भागावर खूश होऊन लोक दुसरा वाचतच नाहीत.

लेथवाल्यांनी तरी सर्वोच्च न्यायालयाचा १९७८चा बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल वाचावा. भांडी तासताना, पॉलिश करताना ती नुसत्या हेडस्टॉकवर (लेथच्या फिरवणाऱ्या टोकावर) धरली जात. भांडं सुटून उडायचं. पेटंटदाराने समोरच्या टोकाच्या टेलस्टॉककडून दाब देऊन ते धरलं. काम सुरक्षित आणि जलद झालं, तरी पेटंट टिकलं नाही, कारण टेलस्टॉकचा आधार जुनाच होता. कोर्टाच्या लेखी ही वर्कशॉपमधली सुधारणा, शोध नव्हे.

म्हणून क्लेम, म्हणजे अर्जातले हक्काचे दावे, लिहिण्याआधी तक्ता करावा. डावीकडे यंत्राचा एकेक घटक, पुढे सर्वांत जवळची दोन-तीन जुनी पेटंटं, जिथे घटक सापडेल तिथे खूण. पहिल्या पेटंटात नसलेला घटक दुसऱ्यात सापडला, तर तो उचलून इथे बसवायला जाणकाराला काही कारण होतं का? कारण होतं आणि फायदाही अपेक्षेइतकाच, तर अर्ज लंगडा. जुन्या कागदानेच ‘असं करू नका’ म्हटलं असेल, तर बाजू भक्कम.

उत्तर कळल्यावर कोडं सोपंच वाटतं. त्यापायी चांगली कल्पनाही फेकली जाते. टूलरूममधल्या मुरलेल्या माणसाला फक्त अडचण सांगा. तोडगा सांगू नका, नाहीतर गुप्तता गेली. त्याने झटक्यात तुमचाच मार्ग सांगितला, तर काय ते समजा.

दोन जुनी उपकरणं एका डब्यात, दोन्ही आपापलं काम करताहेत? कलम ३(एफ) दारातच अडवतं.

गुगलवर दोन शब्द टाकणं म्हणजे जुनी पेटंटं धुंडाळणं नव्हे. आयपीसी (आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरण) मधला आपला वर्ग काढून त्यातली पेटंटं चाळा.

‘कार्यक्षमता वाढते’ हे वाक्य कुचकामी. तोच माल, तेच आरपीएम ठेवून जुन्या-नव्या पद्धतीचे तासाला किती नग, किती रिजेक्ट, हे आकडे हवेत. प्रोव्हिजनल, म्हणजे पूर्ण तपशिलाआधीच्या तात्पुरत्या अर्जानंतरचे १२ महिने त्यासाठीच वापरावेत. घाईवाले चाचणी सुरू करतात ती पेटंट कार्यालयाचा तपासणी अहवाल आल्यावर. त्याला उत्तर द्यायला ६ महिने मिळतात खरे, पण मूळ तपशिलात नसलेली नवी गोष्ट तेव्हा अर्जात घुसवता येत नाही.