नव्या आशाताईंसाठी: कोयते निघायच्या आधी

बीड जिल्ह्यातलं आमचं गाव आणि त्याला लागून असलेला बंजारा तांडा, इथं मी अकरा वर्षं आशा म्हणून काम करते. नवीन ताई आधी मोबदल्याचं विचारतात. तो बराचसा कामावर ठरतो आणि माझ्या अनुभवात उशिरा येतो, त्यामुळं घर एकट्या त्याच्यावर चालवायचा हिशोब करू नका. फॉर्म भरायला गटप्रवर्तक, म्हणजे आपल्यावर देखरेख करणाऱ्या ताई, शिकवतात. मला सांगायचंय ते दसऱ्याच्या आधीच्या पंधरा दिवसांचं.

दसरा झाला की कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, निघतात. नवरा-बायको, कडेवर लेकरू, ट्रॅक्टरवर भांडीकुंडी. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. माझ्या दुसऱ्या वर्षी सहावा महिना लागलेली एक सून अशीच गेली. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड नोंदी पूर्ण करायला म्हणून मी घरी आणलं होतं, आणि त्यांची गाडी रात्रीतच आली. उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बाळंत झाली. चैत्रात परत आली तेव्हा लेकरू तीन महिन्यांचं, लस एकही नाही. बीसीजी वर्षाच्या आत देता येते, ती दिली. पण जन्मल्यावर २४ तासांत द्यायची कावीळ ब ची लस राहिली ती राहिलीच. चूक माझी होती. तेव्हापासून कुणाचंही कार्ड मी रात्रभर माझ्याकडं ठेवत नाही.

गावात असलेल्या बाळंतिणीकडं जाणं चुकवायचं नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. हात साबणानं धुवायचे, मग झोळीच्या काट्यावर वजन. इथं आजी आडव्या येतात. "दीस मावळल्यावर तोलू नको गं माय, दृष्ट लागंल." वाद घालू नका, सकाळी जा. अडीच किलोच्या खाली भरलं तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी कसं धरायचं ते आजीसमोरच दाखवा. पुढं आजीच सुनेला आठवण करून देतात. मग बाळ शांत असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट करायचे नाहीत. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. तेवढेच आले, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर लगेच दवाखाना. गाडीसाठी १०२ किंवा १०८.

तांड्यावर मी सुरुवातीला नुसती वही घेऊन जायची, बाया दारं ओढून घ्यायच्या. एका म्हातारीला 'याडी', म्हणजे त्यांच्या बोलीत आई, म्हणून हाक मारली त्या दिवशी पहिल्यांदा चहा मिळाला.

आता दसऱ्याआधी मी घरोघर तीन गोष्टी लिहून घेते: कुठल्या साखर कारखान्यावर, कुठल्या गावाजवळ, आणि टोळी नेणारा मुकादम कोण. कोपीवर फोन चार्ज नसतो, मुकादमाचा मात्र लागतो. त्याचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या मोजून बांधून देते आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्याच हातात.