सिक्लिडना किडे खाऊ घालताना

ब्लडवर्म (चिलटांच्या लाल अळ्या) पाण्यात पडले की सिक्लिड कुळातले मासे भूक नसतानाही तुटून पडतात. त्यामुळे माशाच्या हावरेपणावरून प्रमाण ठरवू नका. आधी आपला मासा मुळात काय खाणारा आहे ते पाहा.

ऑस्कर, एंजल, डिस्कस, कॉन्व्हिक्ट या सिक्लिडना किडे चालतात. मलावी सरोवरातले मबुना आणि टांगानिका सरोवरातले ट्रोफियस मात्र खडकावरचं शेवाळ खरवडून जगणारे, लांब आतड्याचे. त्यांना वरचेवर ब्लडवर्म दिले तर पोट फुगण्याचा धोका असतो. मासा खाणं सोडतो, पांढरी धाग्यासारखी विष्ठा टाकतो आणि पुष्कळदा हातचा जातो. त्यांच्या टाकीत किडे नकोतच. स्पिरुलिना या नील-हरित शेवाळाचं खाद्य द्या.

पहिल्यांदाच देत असाल तर फ्रोझन ब्लडवर्म घ्या. घेताना पाकीट उजेडात धरून बघा. क्यूब आकार सोडून पसरलेले असतील किंवा कोपऱ्यात बर्फ साचला असेल, तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठलेला आहे. तो घेऊ नका.

देण्याआधी क्यूब वाटीभर टाकीच्याच पाण्यात दहा मिनिटं ठेवा. गरम पाणी वापरू नका. सुटे झालेले किडे बारीक चहाच्या गाळणीत ओता, वरून साधं पाणी सोडा आणि लाल पाणी फेकून द्या. ते टाकीत गेलं तर माशाच्या पोटात काही जात नाही, पाणी तेवढं बिघडतं. ही गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा!

मग चिमट्याने थोडे थोडे सोडा. दोन मिनिटांत संपतील एवढेच. तळाशी उरलेले नळीने ओढून काढा. वितळलेले किडे परत फ्रीझरमध्ये ठेवू नका.

ब्लडवर्म म्हणजे कायरोनोमिड कुळातल्या, न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या. लाल रंग त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनचा. काहींना त्यांची ॲलर्जी असते, हात खाजतात, डोळ्यांतून पाणी येतं. सुक्या ब्लडवर्मची भुकटी तर नाकातही जाते. त्रास जाणवला तर हातमोजे घाला.

जिवंत किड्यांत ट्युबिफेक्स हे बारीक लाल किडे मी देत नाही. ते सांडपाण्याच्या गाळात वाढतात आणि चार दिवस धुतले तरी रोगजंतू जातीलच याची खात्री नसते. मोठ्या सिक्लिडसाठी गांडुळासारखा खाऊ नाही. फवारणी न झालेल्या मातीतली गांडुळं आणा, धुवा, ओल्या कागदात झाकून एक दिवस ठेवा म्हणजे पोटातली माती निघून जाते. पुन्हा धुवून माशाच्या तोंडात मावतील असे तुकडे करा. खतात वाढवलेली लाल, पट्ट्यांची गांडुळं टाळा. दाबली की त्यांच्यातून घाण वासाचा पिवळा द्रव निघतो आणि बरेच मासे तोंडात घेऊन थुंकून टाकतात.

मोठ्या माशांना आठवड्यातून दोनदा किडे पुरे. रोजचं जेवण चांगल्या पेलेटचंच (दाणेदार खाद्याचं). जोडी अंडी घालायच्या तयारीत असेल तर आठवडाभर थोडं वाढवा, पण पाणीही तितकंच जास्त वेळा बदला.

टाकीत एखादा दादा असतोच. एका कोपऱ्यात टाकलेलं सगळं तोच फस्त करतो आणि लाजरे मासे खडकामागे उपाशी राहतात. त्याला एका टोकाला गुंतवा आणि लगेच दुसऱ्या टोकाला बाकीच्यांचा वाटा सोडा.