ॲम्बेसिडर-फियाटचा मास्टर सिलिंडर बदलताय? या चुका टाळा

पेडलच्या दाबानं ब्रेक ऑइल चाकांकडं ढकलणारा नवा मास्टर सिलिंडर बसवला, तरी पेडल खाली जातंय. किंवा उलटं: बेळगावातून निघालेली गाडी पिरनवाडी गाठेपर्यंत चाकं तापून ब्रेक धरायला लागतात. मग सगळा राग दुकानदारावर, डुप्लिकेट माल दिला म्हणून. कधी ते खरंही असतं. पण सिलिंडर पुन्हा उतरवण्याआधी पुश रॉड, म्हणजे पेडलपासून सिलिंडरच्या पिस्टनला ढकलणारी दांडी, बघा. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागं आला पाहिजे. तो मागं आला की सिलिंडरमधलं एक बारीक भोक उघडतं आणि ब्रेक ऑइल त्याच्या टाकीत परत जातं. रॉड आणि पिस्टन यांच्यात साधारण एक मिलिमीटरचा प्ले, म्हणजे मोकळी फट, लागतो तो यासाठीच. रॉडवरचा एवढासा प्ले पेडलवर चार-पाच मिलिमीटर जाणवतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. पेडल जरा खाली वाटतंय म्हणून पुष्कळ जण रॉड लांब करून ते वर उचलतात. पेडल छान कडक लागतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण ते भोक आता कायमचं झाकलेलं असतं. चाकातले ब्रेक शू त्यांच्याभोवती फिरणाऱ्या ड्रमला घासतात, ऑइल तापून फुगतं, फुगलेल्या ऑइलला जायला वाट नाही, म्हणून शू आणखी दाबले जातात. शेवटी गाडी ढकलली तरी हलत नाही.

गाडी अशी अडली तर सपाट जागी चाकांना लाकडी ओट लावा, हँडब्रेक सोडा आणि मास्टर सिलिंडरचा बाहेर जाणारा पाइप किंचित सैल करा. ऑइल जोरानं येऊन चाक मोकळं झालं, तर दोष सिलिंडरमध्ये किंवा रॉडमध्ये. नाहीच झालं, तर अडलेल्या चाकाचं हवा काढायचं निपल उघडा. आता मोकळं झालं म्हणजे मधला रबरी होज (नळी) आतून फुगलाय. तरीही घट्टच असेल तर शू, त्यांना दाबणारा चाकातला व्हील सिलिंडर नाहीतर हँडब्रेकची केबल बघा. पेडलची रिटर्न स्प्रिंग मेलेली असली तरी हाच त्रास होतो, आणि ती दहापैकी नऊ जण बघत नाहीत.

आता खाली जाणारं पेडल. या जुन्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम असतात, त्यामुळं आधी शू ॲडजस्ट करा, मग पाइपात अडकलेली हवा काढा. दोन-तीनदा भराभर मारल्यावर पेडल वर येऊन टणक लागत असेल, तर शू ड्रमपासून लांब आहेत. वर येऊनही स्पंजासारखं लागत असेल, तर हवा आहे. पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठं गळती नसेल, तरच सिलिंडरच्या आतल्या रबरावर संशय घ्या.

सिलिंडर कोरडा बसवू नका. व्हाइसमध्ये धरून, ऑइल भरून, बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश दाबा. नंतर हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा; आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं, म्हणून बहुधा मागचं डावं. टाकी मध्येच रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घाला, जुने पिळून पिळून गळतात.

रबर किट बदलताना भाग रॉकेलमध्ये धुणं ही आपल्याकडची जुनी सवय. रॉकेल, पेट्रोल, साधं ग्रीस लागलं की ते रबर फुगतं. ब्रेक ऑइलनंच धुवा. ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं. गेल्या पावसाळ्यात उघडलेला डबा खानापूरच्या हवेत ठेवला असेल तर फेकून द्या. हे ऑइल पाणी ओढतं. कोरडं डॉट ३ निदान २०५ अंशांवर उकळतं, ओलावा घेतल्यावर हा आकडा १४० पर्यंत येऊ शकतो. चोर्ला घाटाच्या उतारावर एवढी उष्णता ड्रममध्ये सहज तयार होते. जांभळं डॉट ५ यात मिसळू नका. आणि रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर बोनेटचा रंग सोलून निघेल.

ॲम्बेसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. नवा सिलिंडर मिळाला तरी तो कपाटात किती वर्षं पडून होता कोण सांगणार, म्हणून आतलं रबर तपासून घ्या. जुन्याची बॉडी चांगली असेल तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडून आत स्लीव्ह (धातूची नळी) घालून घेता येते. फक्त बोअर, म्हणजे आतला व्यास, मूळ मापाचाच ठेवायला सांगा. मोठा बोअर घेतला तर पेडल जड होतं, लहान घेतला तर लांब जातं.

पहिली चाचणी मोकळ्या सपाट रस्त्यावर, तीही हँडब्रेक धरतोय याची खात्री केल्यावर. जुन्या मॉडेलात चारही चाकं ब्रेक ऑइलच्या एकाच लाइनवर असतात. ती फुटली तर हातात हँडब्रेक तेवढाच उरतो. परत आल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन बघा, एखादा जास्त तापलाय का. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी टाकीची पातळी आणि पेडलच्या मागची ओल तपासा. तवंदी घाट त्यानंतर.