ईटा कॅरिनी बघायला जाताय? या चुका टाळा

पहिल्या वर्षी येळ्ळूरच्या राजहंसगडावर दुर्बीण घेऊन गेलो आणि दोन तास भलत्याच जागी डोळे ताणून परत आलो. दक्षिणेला क्रॉससारखे चार तारे दिसले, तोच त्रिशंकू हा तारकासमूह असं धरून चाललो होतो. तो निघाला खोटा त्रिशंकू. खरा त्याच्या डावीकडे असतो, लहान आणि ठळक. त्याच्या मागून मित्र-मित्रक हे दोन ठळक तारे वर येतात. ईटा कॅरिनी हा तारा या दोन क्रॉसच्या साधारण मधोमध.

दुसरी चूक उंचीची. बेळगावहून हा तारा जेमतेम साडेचौदा अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरा, ती झाली दहा अंश. म्हणजे क्षितिजापासून दीड मूठ, बस्स! तेव्हा शहराच्या उत्तरेला काकतीकडे जाऊ नका, सगळ्या शहराचा उजेड तोंडावर येतो. खानापूरच्या बाजूला, दक्षिणेला झाडी नसलेलं माळरान शोधा. एप्रिलअखेरीस रात्री नऊच्या सुमारास तो सर्वात वर असतो. आधी-नंतर दोनेक तास ठीक. संध्याकाळी वळीव झाला म्हणून बेत मोडू नका. ढग पांगले तर धूळ बसून क्षितिज असं काही स्वच्छ होतं की बघत राहावं.

फोटोतले गुलाबी रंग शोधू नका. साध्या दुर्बिणीतून पिंजलेल्या कापसासारखा करडा पट्टा दिसतो, रुंदी चार पौर्णिमेच्या चंद्रांएवढी. तो कॅरिना तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग. पुष्कळ जण त्यालाच होमन्क्युलस समजतात. होमन्क्युलस म्हणजे ताऱ्याने स्वतः फेकलेला दुहेरी फुगा, जेमतेम १८ विकला लांब (एका अंशात ३६०० विकला). त्याला मोठी दुर्बीण हवी, आणि इतक्या खाली हवा उकळत असल्याने तीतही बहुधा नारिंगी ठिपकाच दिसतो.

‘१८४३ साली तो फुटून संपला’ हेही ऐकू येतं. संपला नाही. तेव्हा तो व्याधाखालोखाल तेजस्वी झाला, दहाहून अधिक सूर्यांएवढा माल बाहेर टाकला आणि टिकला. आत दोन तारे साडेपाच वर्षांत एकमेकांभोवती फिरतात. अंतर सुमारे ७५०० प्रकाशवर्षं, तेव्हा आपण बघतो ती बातमी शिळीच.

तेज नोंदवताना डोक्यावरच्या ताऱ्याशी तुलना करू नका. दीड मुठीवर हवेचा थर चौपट असतो, तारा उगाच मंद वाटतो. तुलनेचे तारे त्याच उंचीवरचे घ्या. आणि वहीत लिहायला मोबाइलचा टॉर्च लावाल तर अंधाराला सरावलेले डोळे दिपून पुढची वीस मिनिटं गेली. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद चिकटवा.