सिलिंडरांच्या जोडीमागचा प्रवाह : प्रयोगात या चुका टाळा

खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेवरच्या पुलांवर बघ्यांची गर्दी होते. लोक पाण्याची पातळी बघतात, माझं लक्ष खांबांमागे असतं. तिथे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरे सुटत जातात. या मागच्या विस्कटलेल्या पट्ट्याला आम्ही ‘वेक’ म्हणतो. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं लॅबमध्ये हेच छोट्या सिलिंडरांवर, म्हणजे गोल दांड्यांवर, एकेकट्या आणि जोडीने करतात आणि फेब्रुवारीत तोंड पाडून येतात, “सर, रीडिंग चुकतंय.” बहुतेक वेळा ते रीडिंग बरोबर असतं. चुकलेलं आधीच रिपोर्टात छापून झालेलं असतं.

थेट जोडीला हात घालणं

वेळ कमी आहे म्हणून एकट्या सिलिंडरची चाचणी गाळू नका. रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले व्यास, भागिले प्रवाहाची चिकटपणाची मात्रा) साधारण ३०० ते १ लाख असेल तर एकट्या सिलिंडरचा स्ट्रौहाल नंबर (भोवरे सुटण्याची फ्रिक्वेन्सी गुणिले व्यास, भागिले वेग) ०.२ च्या आसपास यायला हवा. तो येत नसेल तर जोडी लावण्यात अर्थ नाही, आधी तुमची मापं तपासा.

एक गंमत सांगतो. २० मिमी व्यास आणि सेकंदाला ५ मीटर वेग घेतला तर भोवऱ्यांची फ्रिक्वेन्सी येते ५० हर्ट्झ. आपल्या भिंतीतल्या विजेचीही तीच! एका गटाने फ्रिक्वेन्सीच्या आलेखातलं ५० वरचं सुरेख शिखर मला दाखवलं. मी विंड टनेलचा (ज्यात पंख्याने हवेचा प्रवाह सोडतात त्या बोगद्याचा) पंखा बंद करायला लावला, शिखर जागच्या जागी. म्हणजे ते विजेचं होतं. वेग ७ मीटर केल्यावर शिखर ७० ला सरकलं तरच ते भोवऱ्यांचं. आणि हॉटवायर (वेग मोजणारी तापवलेली बारीक तार) वेकच्या बरोबर मध्यरेषेवर ठेवू नका. तिथे दोन्ही बाजूंचे भोवरे मोजले जातात आणि आकडा दुप्पट येतो.

पुस्तकातली हवा वापरणं

१.२२५ (किलो प्रति घनमीटर) हा घनतेचा आकडा समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेचा. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. ३० अंशांना इथली घनता १.०९ च्या जवळपास भरते. जुना आकडा घातला की पिटो ट्यूबवरून (दाबावरून वेग काढायच्या नळीवरून) काढलेला वेग जवळजवळ ६ टक्के कमी येतो आणि ०.२० चा स्ट्रौहाल ०.२१ होऊन बसतो. मग मुलं म्हणतात, “सर, नवीन काहीतरी सापडलंय.” बॅरोमीटर आणि थर्मामीटर वाचून दोन मिनिटांत निकाल लागतो.

झुकलेल्या प्रवाहाला सेटअपचा दोष समजणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. दोन सिलिंडर शेजारी-शेजारी उभे केले आणि केंद्रातलं अंतर व्यासाच्या साधारण १.२ ते २ पट असलं, की फटीतून येणारा प्रवाह सरळ जात नाही, एका बाजूला झुकतो. ज्या बाजूला झुकला तिथला वेक अरुंद आणि भोवरे जलद, दुसरीकडे वेक रुंद आणि भोवरे संथ. मांडणी अगदी सममित असूनही! मुलं मग पाना घेऊन रॉड ‘सरळ’ करत बसतात. एकाने तर फटीत कागदाच्या घड्या सारल्या होत्या.

मध्येच प्रवाह आपणहून दुसऱ्या बाजूला पलटी मारतो. दोन पलट्यांमध्ये भोवरे सुटण्याची शेकडो आवर्तनं जाऊ शकतात, म्हणून दहा सेकंदांच्या नोंदीत एकच बाजू दिसते. नोंद लांब घ्या. सरासरी काढण्याआधी सिग्नल डोळ्यांनी बघा, नाहीतर दोन खऱ्या अवस्थांची मिळून एक खोटी अवस्था तयार होते. सेटअप खरंच वाकडा आहे का, हे बघायचं असेल तर टनेल बंद करून पुन्हा सुरू करा, आठ-दहा वेळा. दर वेळी एकाच बाजूला झुकला तरच पाना उचला.

अंतराबद्दल एक क्षुल्लक पण घातक गोष्ट : केंद्रापासून केंद्रापर्यंत १.५ व्यास म्हणजे मोकळी फट फक्त ०.५ व्यास. कोणाचा आलेख कोणत्या मापाने काढलाय हे न बघता तुलना केली तर सगळंच हुकतं.

एकट्यावरून समूहाचा अंदाज बांधणंही टाळा. इंग्लंडमधल्या फेरीब्रिज वीजकेंद्रात १ नोव्हेंबर १९६५ रोजी आठपैकी तीन कूलिंग टॉवर वाऱ्यात कोसळले. तिन्ही मागच्या रांगेतले, म्हणजे वरवर पाहता आडोशाला, पण खरं तर पुढच्या टॉवरांच्या वेकमध्ये असलेले.

भिंती विसरणं

३०० मिमी रुंदीच्या टनेलमध्ये २० मिमीचे दोन सिलिंडर शेजारी लावले तर १३ टक्के वाट अडते. मुलं एकच सिलिंडर धरून ७ टक्के लिहितात. तेही जास्तच आहे. ५-६ च्या आत राहिलेलं बरं.

शाई आणि पाणी

पाण्याच्या चॅनेलमध्ये शाई जड असेल तर खाली बसते, थोडं स्पिरिट घालून ती पाण्याच्या घनतेला आणावी. सुईतून ती प्रवाहाच्याच वेगाने सुटली पाहिजे, पिचकारीसारखी नको. दूरवर दिसणारी शाईची वळणं म्हणजे तिथले भोवरे असंही समजू नका. भोवरे विरले तरी शाईत त्यांचा ठसा राहतो.

पाण्याचं तापमान रोज लिहा. डिसेंबरातलं १८ अंशांचं पाणी एप्रिलमध्ये ३० ला गेलं तर त्याच वेगाला रेनॉल्ड्स नंबर ३० टक्क्यांनी चढतो. १० मिमीचा सिलिंडर आणि सेकंदाला २ सेंटिमीटर वेग असेल तर डिसेंबरात तुम्ही १९० च्या उंबरठ्यावर असता. एकट्या सिलिंडरचा वेक साधारण तिथेच त्रिमितीय होऊ लागतो. एप्रिलमध्ये तुम्ही थेट २५० ला पोचता, आणि डिसेंबरचे नेटके फोटो काही केल्या पुन्हा मिळत नाहीत.